गच्चीवरचा अँटेना आणि वही: प्रकल्प नोंदी

३० जुलै २०२५, बुधवार

विषय मंजूर झाला. फॉर्मवरचं नाव लांबलचक आहे: 'एडीएस-बी रिसीव्हरची उभारणी व परिसरातील हवाई वाहतुकीचा अभ्यास'. आपसात आम्ही 'विमानं मोजायचं' एवढंच म्हणतो. गटात तिघं. मी साताऱ्याची, एक कराडचा, एक वाईची. वर्गात त्या दोघांना कराडकर आणि वाईकरीण हीच नावं पडली आहेत, इथेही तीच वापरते.

गाइड मॅडमनी पहिल्याच भेटीत अडवलं. "विमान दिसलं, मोजलं. पुढं काय?" आम्ही म्हणालो, नकाशा करू. "नकाशा मोबाइलवर फुकट दिसतो गं. तोच पुन्हा काढायला वर्ष घालवणार?" उत्तर नव्हतं. वहीत 'पुढं काय?' लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि घरी आलो.

मूळ गोष्ट सोपी आहे. जुन्या पद्धतीत जमिनीवरचं रडार विचारतं, "कोण तू? किती उंचीवर?" आणि विमान उत्तर देतं. एडीएस-बीत कुणी न विचारता विमान आपणहून बोलत राहतं. उपग्रहांवरून स्वतःची जागा काढायची आणि १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा ती जाहीर करायची. वेगही तितक्याच वेळा, आणि दर पाच सेकंदांनी आपलं नाव. याला कुलूप नाही, कुणीही ऐकावं. समोरून येणाऱ्या परक्या देशाच्या विमानालाही ते कळलं पाहिजे, म्हणून कुलूप लावून चालणारही नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक एका सीनियरकडून उसना आणला. सिग्नल पकडणारं डोंगल मूळचं टीव्ही बघण्यासाठीचं. २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींना कळलं की त्यातल्या आरटीएल२८३२यू चिपमधून कच्चा रेडिओ सिग्नल काढून घेता येतो. तेव्हापासून हे स्वस्तातलं खेळणं आमच्यासारख्यांचं दैवत झालं.

अँटेना घरीच केला. तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा भाग ६.९. तेवढी तांब्याची तार उभी ठेवली, खाली आडवा पत्रा हवा म्हणून आईच्या जुन्या डब्याचं झाकण घेतलं. "झाकण नेलंस तर डबाही ने," आई म्हणाली. नेला. त्यात आता स्क्रू आहेत.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या खांबाला सगळं बांधलं. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कनेक्टरवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर टेप मारली. रात्री साडेनऊला पहिलं विमान आलं, चार मिनिटं दिसलं, गेलं. ग्रुपवर असा कल्ला झाला की जणू ते आमच्या गच्चीवरच उतरलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

आमच्या प्रोग्रामप्रमाणे अँटेनाचा आवाका ७,००० किलोमीटरच्या पुढे गेला. कराडकर म्हणाला, "पेपरात द्या." वाईकरणीने न बोलता सेटिंगची फाइल उघडली. अक्षांशाच्या जागी रेखांश पडले होते. सातारा साधारण १७.७ उत्तर, ७४ पूर्व. उलटं केलं की ७४ उत्तर, १७.७ पूर्व, म्हणजे नॉर्वेच्या वर आर्क्टिक समुद्रात, बेअर बेटापासून थोडं अलीकडे. आमच्या घराचा अँटेना पाच दिवस तिथे उभा होता. पाऊस तरी नसेल तिथे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मॅडमचा हट्ट, की एक तरी संदेश हाताने सोडवायचा. कागद, पेन्सिल, चहा. एक संदेश म्हणजे ११२ बिट, हवेत १२० मायक्रोसेकंद, त्यातले पहिले आठ नुसते 'लक्ष द्या' म्हणण्यात जातात. आमच्या ओळीतले पहिले दोन अंक, सोळाच्या (हेक्स) पद्धतीत, ८डी. बायनरीत १०००११०१. पहिले पाच बिट १०००१ म्हणजे १७, हा एडीएस-बीचा निरोप. पुढचे तीन ट्रान्सपाँडरच्या, म्हणजे विमानातल्या निरोप पाठवणाऱ्या यंत्राच्या, कुवतीचे. मग २४ बिटांचा पत्ता, ५६ बिटांचा मजकूर आणि शेवटी चूक पकडायला २४ बिट.

माझी नजर त्या पत्त्यावर अडली. असं यंत्र असलेल्या जगातल्या प्रत्येक विमानाला असा एकच पत्ता असतो आणि देशोदेशी त्यांचे गठ्ठे वाटून दिलेले आहेत. भारताचा गठ्ठा ८००००० ते ८३एफएफएफएफ, एकूण २,६२,१४४ पत्ते. फ्लाइटचं नाव दर खेपेला बदलू शकतं, वैमानिक ते स्वतः भरतो. पत्ता मात्र नोंदणी आहे तोवर तोच. आज सकाळी गेलेलं विमान संध्याकाळी परत आलं हे आम्हाला कळतं ते याच्यामुळे. तेव्हा या गोष्टीचं आम्हाला कौतुकच वाटलं होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

तीन आठवड्यांचे सगळे ठिपके नकाशावर टाकले. आकार भाकरीसारखा गोल येईल असं वाटलं होतं. आला, पण दक्षिणेकडून कुणीतरी मोठा लचका तोडल्यासारखा.

लचका अजिंक्यताऱ्याने तोडलाय. गच्चीवरून मोबाइलने कोन मोजला, किल्ल्याची कड साधारण १० अंश वर. ३५,००० फुटांवरचं विमान आमच्यापेक्षा दहाएक किलोमीटर उंच असतं. गणित केलं तर दक्षिणेला आमचं जग पंचावन्न-साठ किलोमीटरवर संपतं, आणि उत्तरेला तेच विमान, मोकळं रान असेल तर, चारशे किलोमीटरपर्यंत ऐकू यायला हरकत नाही. एवढ्या उंचीवरच्यांची ही गत, तर कराडकडे खाली उडणाऱ्या छोट्या विमानांचं नावच नको. मुंबईहून बंगळुरूला जाणारी मोठी विमानं डोक्यावर येईपर्यंत दिसतात, मग किल्ल्याआड. पूर्वी किल्ल्यावरून मुलूख दिसायचा, आम्हाला किल्ल्यामुळे दिसत नाही.

ठरलं, दुसरा अँटेना कराडला. वाईला तिसरा लावून बघितला. चहूकडे डोंगर, विमानं फारशी लागत नाहीत. वाईकरीण नाराज आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

कराडकरच्या घरी रिसीव्हर बसला. उद्या विसर्जन, त्यामुळे त्याच्या गल्लीत ढोल आणि आमच्या स्क्रीनवर ठिपके, दोन्ही एकदमच. इथली मजा वेगळी. वारुंजीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतात. वर जायचं, चौकोनी चक्कर मारायची, उतरायचं, चाकं टेकली की लगेच पुन्हा वर. त्याच्या आईला आवाजावरून कळतं. "आलं बघ परत ते पोरगं," म्हणतात. पोरगं की पोरगी, कुणास ठाऊक.

सगळीच विमानं जागा सांगत नाहीत. काही ट्रान्सपाँडर नुसता पत्ता टाकतात. कुणीतरी जवळपास आहे एवढंच कळतं, कुठे ते नाही.

उंची २५ फुटांच्या पायऱ्यांनी येते. एक विमान उतरता उतरता शेवटच्या क्षणी वर गेलं. पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेला उतरलं. आम्ही हसलो. मग वाईकरीण म्हणाली, "आपला व्हायवा कुणी असा गच्चीवरून बघत बसलं असतं तर?" त्या मुलाची किंवा मुलीची दोनदा झालेली फजिती आता आमच्या हार्ड डिस्कवर आहे, वेळेसकट. हसू आटलं असं नाही, पण थोडं कमी झालं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नोंदणी क्रमांकावरून मालक शोधायचा प्रयोग. आपल्याकडची विमानं व्हीटी अक्षरांनी सुरू होतात. शेजारचे काका 'व्हाइसरॉयज टेरिटरी' असं छातीठोक सांगतात, पण ती त्या काळच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ करारात वाट्याला आलेली अक्षरं आहेत, एवढंच. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नोंदवही सार्वजनिक आहे. त्यात विमानाचा प्रकार आणि मालक किंवा चालवणारी संस्था दिसते. मालकाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी कंपनीचं नाव.

याची तुलना गाडीशी करून बघितली. एमएच-११ म्हटलं की सातारा, ५० कराड, १० सांगली, हे शेंबडं पोरही सांगतं. पण परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला तर मालकाच्या नावातली निम्मी अक्षरं फुल्या असतात. आनेवाडीच्या नि तासवडेच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाजतो, म्हणजे गाडी कधी गेली हे यंत्रणेला ठाऊक आहे, पण ते आमच्या गच्चीवर बसून कुणाला वाचता येत नाही. विमानाचं मात्र तिन्ही उघडं: नंबर, मालक, वाट.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यात काय? गल्लीत कुणाची गाडी कुठं उभी असते हे सगळ्यांना माहीतच असतं की." खरंय.

२७ सप्टेंबर, शनिवार

वाचनाचा दिवस. अमेरिकेत हे भांडण बरंच पुढे गेलंय. तिथे १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात एडीएस-बी सक्तीचं झालं, आणि त्याच वर्षी जॅक स्वीनी नावाच्या पोराने इलॉन मस्कचं विमान कुठे जातं ते आपोआप ट्विटरवर टाकणारं खातं सुरू केलं. मस्कने ते बंद करायला ५,००० डॉलर देऊ केले. पोराने ५०,००० मागितले. व्यवहार जमला नाही. मस्कने ट्विटरच विकत घेतलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये खातं बंद झालं. डिसेंबर २०२३ मध्ये टेलर स्विफ्टच्या वकिलांनीही त्याच स्वीनीला नोटीस धाडली. कराडकरला ५०,००० चा आकडा फार आवडला.

मालकांसाठी तिथे दोन पळवाटा आहेत, आणि त्या कशा गळतात हे बघण्यासारखं आहे.

पहिली, लॅड नावाची यादी. मालक विमान वाहतूक प्रशासनाला, म्हणजे एफएएला कळवतो की माझं विमान दाखवू नका. एफएएकडून माहिती घेणाऱ्यांना ते पाळावं लागतं. पण ज्यांनी एफएएकडून काही घेतलंच नाही, स्वतःच्या नि हौशी लोकांच्या अँटेनांवरून ऐकलं, त्यांना ती यादी बांधत नाही. म्हणजे आमच्यासारख्यांना.

दुसरी, पीआयए. विमानाला तात्पुरता, मालकाशी न जुळणारा पत्ता मिळतो. अमेरिकी नोंदणीच्या विमानालाच, आणि अमेरिकेच्या हद्दीतच. ऐकायला पक्कं वाटतं. पण उडताना पत्ता बदलत नाही. विमान रोज त्याच हँगरमधून निघतं, त्याच जातीचं आहे, विमानतळाच्या कुंपणाबाहेर कुणी कॅमेरा घेऊन उभा असला तर शेपटीवरचा नंबर वाचतो, आणि झालं, नवा पत्ता जुन्या नावाला चिकटला. मस्कच्या विमानावरही हे करून झालं होतं, तरी ते सापडलंच. बुरखा घालून स्वतःच्याच अंगणातून निघाल्यासारखं.

२०२४ च्या कायद्याने नोंदवहीतलं नाव-पत्ता झाकून मागायची सोयही तिथे झाली. तो भाग घाईत वाचला.

दुसऱ्या बाजूचंही लिहून ठेवते. १२ जूनला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान कोसळलं तेव्हा शेवटचा एडीएस-बी संदेश ६२५ फुटांवरचा होता, हे सगळ्या जगाला त्याच दिवशी कळलं. हे उघडं नसतं तर त्या दिवशी नुसत्या अफवाच उरल्या असत्या. 'सगळं बंद करा' म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

वाईकरणीच्या मामांच्या ओळखीने एका विमानमालकांना भेटलो. नाव, गाव, धंदा काही लिहायचं नाही ही अट. छोटं विमान, त्यातही भागीदारी.

घरी पोह्यांचा बेत होता. मी तयार करून नेलेले प्रश्न वाचायला लागले, तर म्हणाले, "पोरांनो, आधी खा. विमान पळून जात नाही, आणि गेलं तरी तुम्हाला दिसतंयच."

मला वाटलं होतं श्रीमंतीचं प्रदर्शन होतं याची लाज वगैरे सांगतील. तो विषयच नाही. म्हणाले, "मी जागा बघायला एखाद्या गावाला दोनदा गेलो की तिसऱ्या खेपेला भाव वाढलेला असतो. आधी वाटायचं ड्रायव्हर फोडतोय. बिचाऱ्याला उगाच बोललो." मग जरा थांबून, "आणि विमान गेलं म्हणजे मी घरी नाही, असं लोक धरतात. घरी हिला एकटीला सोडून जातो मी."

काकू आतून म्हणाल्या, "मला कशाला मध्ये घेता?"

पुढे त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात नव्हतं. विमान म्हणजे माणूस नव्हे. एकदा वैमानिक विमान घेऊन दुरुस्तीला गेला. पुण्याच्या पाहुण्यांचा फोन आला, "आमच्यावरून गेलात, उतरला नाहीत!" आणि हे त्या वेळी याच टेबलावर पोहे खात होते. "ज्याची पाळत होते तो खरं तर माझा वैमानिक. पगारी माणूस. त्याला कुणी विचारलं का?"

निघताना मी विचारलं, "काका, मग हे ट्रॅकिंग बंदच व्हावं असं तुमचं मत का?" ते हसले आणि मोबाइल दाखवला. मुलगी परदेशातून येते तेव्हा तिचं विमान ते रात्रभर त्याच ॲपवर बघत बसतात. समुद्रावर ठिपका थांबला की यांची झोप उडते. "बंद नको रे बाबा," म्हणाले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कराडकरने टूम काढली. जी विमानं नुसता पत्ता टाकतात, त्यांचीही जागा काढता येते. तोच संदेश चार ठिकाणी किती फरकाने पोचला हे मोजलं की झालं. आमच्याकडे तीन रिसीव्हर. चौथा मॅडमच्या घरी, कोरेगावला. मॅडम म्हणाल्या, "जे सांगत नाहीत त्यांनाही शोधायचं? जो गप्प बसलाय त्याच्या घरात डोकावण्यासारखं नाही का ते?" तत्त्व म्हणून सोडलं असं लिहायला बरं वाटेल, पण खरं कारण दुसरंच. आमची तिन्ही घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. एक मायक्रोसेकंद चुकला तर ३०० मीटर गेले. जमलं असतं तर आम्ही केलं असतं, हेही लिहून ठेवते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ही नोंद दोनदा लिहिली. पहिली फाडली.

दिवाळीनंतर पहिल्यांदा सगळा साठा एकत्र केला. पुन्हा पुन्हा दिसणारे पत्ते वेगळे काढायचे, नेहमीच्या कंपन्यांची विमानं वगळायची, उरलेल्यांचं वेळापत्रक निघतं का बघायचं. नोंदवही उघडायची नाही असं आधीच ठरलेलं, त्यामुळे मालक कोण ते आजही माहीत नाही.

एका छोट्या विमानावर कराडकरचा हात थांबला. दर तीन आठवड्यांनी, एकाच वारी, सकाळी जायचं, संध्याकाळी परत. चार वेळा. (वार आणि दिशा मॅडमच्या सांगण्यावरून या वहीतून खोडले आहेत.) मी म्हणाले, कंपनीची मीटिंग असेल. वाईकरीण म्हणाली, मीटिंग ऐन सणासुदीत कोण ठेवतं? चारातली एक खेप तशा दिवशी होती.

कराडकर काहीच बोलला नाही. मग उठून खिडकीशी गेला. म्हणाला, "केमो असंल."

त्याच्या आत्याची ट्रीटमेंट दोन वर्षांपूर्वी मुंबईला झाली. दर एकवीस दिवसांनी, ठरलेला वार. रात्रीच्या एसटीने जायचं, दिवसभर बाटली, रात्रीच्या एसटीने परत. सण असो, लग्न असो, तारीख हलायची नाही. तिच्या सोबतीला तो जायचा. "ह्यांच्याकडं विमान आहे एवढाच फरक," म्हणाला.

खरं की खोटं, आम्हाला माहीत नाही. ते विमान एखाद्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या माणसाचंही असेल. पण आम्ही तिघं बराच वेळ तशीच बसलो. एका विमानाच्या चार ओळी, प्रत्येकीत तारीख आणि वेळ. एकेक ओळ वाचली तर काहीच नाही, कुणी सहज वर बघितलं असतं तरी तेवढं दिसलंच असतं.

आईचं बरोबर होतं. गल्लीत कुणाची गाडी कुठे उभी असते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते कुणी रोज वहीत लिहून ठेवत नाही. लिहून ठेवणारा निघालाच, तर गल्ली त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघते. आम्ही ती वही तीन महिने लिहीत होतो.

'पुढं काय?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक हेच आहे. ऐकायचं कसं हे जगाला येतंय. विसरायचं कसं, हे बांधून बघू.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कायद्याची बाजू वाईकरणीने वाचली. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम गेल्याच आठवड्यात अधिसूचित झाले. त्यात एक कलम आहे: माणसाने स्वतः, किंवा कायद्याने भाग पाडल्यामुळे, जी माहिती सार्वजनिक केली तिला हा कायदा लागत नाही. म्हणजे विमानाची जागा सुटलीच, असं कराडकरचं म्हणणं. वाईकरणीचं म्हणणं, जागा जाहीर केली, आजार कुणी जाहीर केला? भांडण चहावर मिटलं, मुद्दा नाही मिटला.

तिला एक अमेरिकी खटलाही सापडला. पोलिसांनी एका संशयिताच्या मोटारीला २८ दिवस जीपीएस लावून ठेवला. २०१२ मध्ये न्यायालयाने पोलिसांना चूक ठरवलं, ते मुख्यतः गाडीला यंत्र चिकटवलं म्हणून. पण काही न्यायमूर्तींनी वेगळं म्हटलं, की रस्त्यावरची एक फेरी कुणीही बघावी, महिनाभराच्या सगळ्या फेऱ्या ही निराळीच गोष्ट. ते प्रकरण पोलिसांचं, आम्ही विद्यार्थी. तरी २८ दिवस वाचून आम्ही आमचे दिवस मोजले. कराडचेच बहात्तर.

२२ नोव्हेंबर, शनिवार

विसरायचं यंत्र, पहिला प्रयत्न. प्रत्येक पत्त्याची एसएचए-२५६ या सूत्राने गणिती खूण करून तेवढीच साठवायची. उलटं फिरवता येत नाही, पुस्तकात तसंच लिहिलंय. मोठ्या तोऱ्यात मॅडमना दाखवलं.

मॅडमनी वाईकरणीला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "फोड." ती गोंधळली. "उलटं नको फिरवूस. सगळे पत्ते सुलटे करून बघ. आहेत किती?" २४ बिट, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाख. नुसते भारतातले म्हटले तर अडीच लाखांच्या आसपास. तिने दहा ओळी लिहिल्या आणि मॅडमच्या चहावर साय यायच्या आत आमचा सगळा साठा उघडा पडला. कुलूप भक्कम, पण किल्ल्या मोजून अडीच लाख, आणि त्या सगळ्या खुंटीवर टांगलेल्या.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दुसरा प्रयत्न. रोज मध्यरात्री यंत्राने स्वतःच एक लांब यादृच्छिक आकडा काढायचा, तो पत्त्यात मिसळून खूण करायची, आणि पुढच्या मध्यरात्री तो आकडा कायमचा फेकायचा. तो फक्त मेमरीत, डिस्कवर नाही. आज सकाळचं आणि आज संध्याकाळचं विमान एकच हे कळेल, आजचं आणि उद्याचं नाही.

तरी गळतंच. पत्ता पुसला पण वाट तीच राहिली, तर कराडकरसारखा माणूस वाटेवरूनच ओळखेल. पीआयएचं झालं तेच. म्हणून छोट्या विमानांची वाट ठेवायचीच नाही असं ठरलं. नियमित कंपन्यांच्या विमानांची वाट, उंची, वेग सगळं राहील, कारण त्यांचं वेळापत्रक तिकिटावर छापलेलं असतं आणि आत कोण बसलंय ते त्यातून कळत नाही. छोट्यांचं फक्त एवढंच: या तासाला या परिसरात इतकी. आकडा तीनपेक्षा कमी असेल तर 'थोडी'.

कराडकरने तक्रार केली की यात त्याच्या धावपट्टीचा सगळा रंग गेला. गेलाच. अहवालातला सगळ्यात सुंदर नकाशा, शिकाऊ विमानांच्या चौकटींचा, आम्हाला काढावा लागला. रांगोळीसारखा दिसायचा.

८ डिसेंबर, सोमवार

रिव्ह्यू. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "एवढी माहिती हाताशी असून टाकून का दिलीत? डेटा म्हणजे सोनं." माझे शब्द घशात अडकले. कराडकर म्हणाला, "सर, आम्हाला एकाचं काहीतरी कळलं जे कळायला नको होतं." परीक्षक म्हणाले, "काय कळलं?" तो म्हणाला, "तेच सांगायचं नाहीये, सर." गुण बेताचेच पडतील असं दिसतंय. अँटेनाच्या झाकणाचं मात्र कौतुक झालं.

रात्री तिघांनी मिळून जुना साठा पुसला. हार्ड डिस्क, दोन मेमरी कार्डं, माझा लॅपटॉप. वाईकरणीच्या पेन ड्राइव्हवर सप्टेंबरची एक प्रत निघाली, तीही. फाडलेल्या पानाचे तुकडे आईने बंबात घातले.

डिसेंबर, तारीख लिहीत नाही

सकाळी सात वाजता कराडकरचा मेसेज: "आज दिवसभर रिसीव्हर बंद ठेवतोय."

कारण मी विचारलं नाही. आठवडे मोजायला मला कॅलेंडर लागलं नाही.